कोरडा हात

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि आईची नजर काचबिंदूने गेलेली. दिव्याखाली अंधार, हे गिऱ्हाइकं मला अजून ऐकवतात आणि मीही हसतो. दुसरी थट्टा माझ्या हातांची. तळव्यांना लहानपणापासून असा घाम, की काच पुसून फ्रेममध्ये बसवेपर्यंत तिच्यावर पुन्हा बोटं उमटलेली.

आईला मात्र त्या घामाचं कौतुक. दिसेनासं झाल्यापासून ती माणसं हातावरून ओळखते. मी बसलो की तळवा चाचपून म्हणायची, "आलास का रे, झऱ्या?"

शेवटी ऑपरेशन केलं. काखेखालून दुर्बीण घालून छातीतली नस बंद करतात. सर्जनबाईंनी बजावलं होतं, "हात कोरडे होतील, पण घाम दुसरीकडून वाट काढतो. पाठ, पोट, मांड्या. मनाची तयारी ठेवा."

घरी आल्याआल्या आईचा हात हातात घेतला. तिने तळवा चाचपला आणि आपला हात हळूच सोडवून घेतला.

"कोण आपण?"

"आई, मी."

"आवाज अगदी त्याच्यासारखा आहे हो तुमचा," ती सौजन्याने म्हणाली.

आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. होईल सवय, असं बायकोला म्हणालो.

तपासणीच्या वेळी बाईंनी पाठीवरून हात फिरवला. पाठ कोरडी, पोट कोरडं. त्यांनी पुन्हा एकदा पाठ चाचपून पाहिली. "नशीबवान आहात," म्हणाल्या.

पुढे आई खुलली. जेवू लागली, गुणगुणू लागली.

"दुपारी येऊन बसतोस त्यांच्यापाशी, बरं करतोस," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरात गप्पा ऐकू येतात. पण घाम पुरता गेला नाही ना रे? आईंचा हात नंतर चिंब असतो."

मी दुपारी दुकान सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सोडलं.

आई पलंगावर बसली होती, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. डावा हात पुढे केलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

"आई."

"या, बसा ना." तिने उजवा हात माझ्याकडे केला. मी तो धरला. तो कोरडा होता.

डाव्या तळव्यातून एक थेंब ओघळला, फरशीवर पडला.

मला माझा ओला हात परत हवा होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आई, मी तुझा मुलगा. नीट हात लावून बघ."

ती अवघडली. मग खुर्चीकडे वळली.

"काय रे, ओळखतोस का यांना?"

मान कलती करून तिने ऐकून घेतलं.

"नाही म्हणतोय," ती मला म्हणाली.