जिरवलेला लेप

तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत आज फक्त एकोणीस तंतू उरले होते. तीन महिन्यांपूर्वी ते दोनशेच्या वर होते. अन्वीने लेकीच्या, जुईच्या, कोपराच्या आतल्या बाजूला तंतुदीप धरून पुन्हा मोजले. एकोणीसच. तिने स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली.

तंतुदीप म्हणजे बोटभर लांबीचा दिवा. त्याच्या उजेडात कातडीतले खाजेचे मज्जातंतू लाल धाग्यांसारखे दिसत. चारचौघांच्या त्वचेत हे तंतू वरच्या थराच्या उंबरठ्याशी थांबतात. इसब असलेल्या त्वचेत ते उंबरठा ओलांडून पार वर येतात आणि मग सदऱ्याची शिवणसुद्धा निखाऱ्यासारखी लागते. खाजवावं तसे ते आणखी फोफावतात. जुईची सात वर्षं अशीच गेली होती: सुती बंड्या, बोटांच्या टोकांपर्यंत कापलेली नखं, चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके.

कोल्हापूरच्या एका संशोधन केंद्रात डॉ. तबस्सुम मुजावर यांनी त्यावर ‘छाटण’ नावाचा लेप शोधला होता. तंतू मारायचा नाही, त्याचं वाढलेलं टोक उंबरठ्यामागे न्यायचं, एवढंच त्याचं काम. जुई त्याला माळीकाका म्हणायची.

आज तपासणी होती आणि जुईने हट्टाने जरीचा परकर घातला होता. मामाने दोन वर्षांपूर्वी आणलेला, एकदाही अंगाला न लागलेला. आता तो घोट्यांच्या वर चढला होता. सबंध वाटेत तिने एकदाही खाजवलं नाही. अन्वी खिडकीबाहेर बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिली.

केंद्रातल्या मोठ्या यंत्राने तीन मिनिटांत जुईची सगळी त्वचा वाचली. डॉक्टर आधी हसल्या, मग पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. त्यांनी एक मऊ ब्रश घेतला आणि जुईच्या मागे जाऊन तो तिच्या पाठीवरून सावकाश फिरवला. मी काय करतेय ते सांग, म्हणाल्या.

“काहीच नाही,” जुई म्हणाली.

त्यांनी बोट टेकवलं. “आता दाबलंत,” जुई म्हणाली.

जुईला बाहेरचे मासे बघायला पाठवून त्या अन्वीसमोर बसल्या. “ताई, लेप कसा लावता तुम्ही?”

अन्वीने कौतुकाने सांगितलं. जुई तान्ही असताना तेल लावायला येणाऱ्या बाईंनी तिला शिकवलं होतं, की तेल नुसतं लावायचं नाही, जिरवायचं. तसाच ती हा लेप सकाळ-संध्याकाळ जिरवायची. हळूहळू हात फिरवत, जुई शांत होईपर्यंत. मानेवर, पाठीवर, हातांवर.

“पट्टीने थेंब ठेवायचा होता. हात न लावता.”

“ती रडत असताना? नुसता थेंब ठेवून बघत बसू?”

डॉक्टरांनी मग समजावलं. तंतू काम करत असला की त्याची दारं उघडतात आणि लेप फक्त उघड्या दारातूनच आत शिरतो. म्हणून तो खाज सुटल्यावर ठेवायचा. त्या वेळी खाजेचेच तंतू जागे असतात. पण कुणी मायेने, सावकाश हात फिरवला, की दुसरेच तंतू जागे होतात. डॉक्टर त्यांना कुरवाळतंतू म्हणत. घरच्या दिव्यात ते दिसत नाहीत. लेपाने तेही मागे नेले होते.

“प्रयोगशाळेत हे कधी लक्षातच आलं नाही,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “तिथे कुणाची आई नव्हती.”

लेप थांबवला तर चार महिन्यांत सगळे परत येतील. दोन्ही. निवडता येणार नाही.

बाहेर जुई माशांच्या पेटीसमोर परकर फुलवत होती. अन्वी गुडघ्यांवर बसली आणि तिने काही न लपवता जुईला सांगून टाकलं: औषध थांबवलं, तर खाज येईल, पण आईचा हात कळेल.

जुईने परकराची जर मुठीत धरली. “नको ना, आई. मला दिसतो की तुझा हात.” तिने दंड पुढे केला. “फिरव. बघते मी.”

अन्वीने हात फिरवला. जुईची नजर आईच्या बोटांमागून स्वतःच्या मनगटापर्यंत गेली आणि तिथे पोचल्यावर ती नेमकी हसली. मग मासा वळला तशी तीही वळली.

अन्वीचा हात सवयीने तिच्या पाठीवर गेला. वरून खाली, वरून खाली. जुई मासे मोजत होती. सहा, सात, आठ. नववा शोधताना तिला काचेत आईचं प्रतिबिंब दिसलं.

“अगं, सांगायचं ना,” ती म्हणाली. “कधीपासून फिरवतेयस?”