तिसरी बादली

बाळासाहेब, तहानलेला घोडा पाणी पितो तेव्हा होणारा आवाज तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकला आहे काय?

गाईबैलांचा आवाज सर्वांना ठाऊक असतो. घोडा मात्र ओठ जेमतेम पाण्याला टेकवतो आणि ओढतो. घोट गळ्यातून उतरताना दिसतो, आणि प्रत्येक घोटाला कान मागेपुढे हलतात. शहाद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी बत्तीस वर्षे जखमा बांधणारा ड्रेसर होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत दर वर्षी शेकडो घोडे माझ्या हाताखालून जात. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

तुम्ही काल विमानतळावरून आलात, मागच्या अंगणात मुलाला पाहिलेत आणि मला विचारलेत, "पुरुषोत्तमराव, शंतनूला झालंय काय?" डॉक्टरांनी त्या आजाराला इंग्रजी नाव दिले आहे, माझी राजश्री ते तुम्हाला सांगेल. मी जे पाहिले ते सांगतो. तुम्ही त्याचे वडील आहात, तेव्हा तुम्हाला ते कळले पाहिजे. मध्येच थांबलो तर समजून घ्या. तीन वर्षांत मी फार थकलो आहे.

मी येथे आलो ते २०१५च्या दिवाळीनंतर. शंतनुराव तेव्हा रोज सकाळी या अप्पर हट गावाहून आगगाडीने वेलिंग्टनला कामावर जात, संध्याकाळी परतत. घरात सर्व काही ठीक होते. फक्त खुंटीवरच्या घोडेस्वारीच्या टोपीवर धूळ साचली होती. राजश्री म्हणाली, "बाबा, ह्यांना घोड्यांचं केवढं वेड होतं. गेल्या फेब्रुवारीत कॅम्पवर एक घोडी पळाली, तेव्हापासून नावच काढत नाहीत. तुम्ही घोड्यांतले. तुम्ही म्हणालात तर जातील."

मी म्हणालो. माझा यात एवढाच वाटा, पण तो मी विसरत नाही.

या देशात रानाच्या कडेला घोड्यांसह मुक्काम करण्याच्या जागा असतात. माणसाने तंबू ठोकावा, घोडे लाकडी दांड्यांच्या यार्डात ठेवावेत, दिवसा आखलेल्या वाटांवरून फिरावे, निघताना आपल्या घोड्यांची लीद स्वतः उचलावी. व्यवस्था मला आवडली. घोडे जोन नावाच्या म्हातारीचे होते. दरीच्या तोंडाशी तिचे फार्म आहे. वय सत्तरीचे, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने "किया ओरा" असा येथला नमस्कार करून माझा हात हातात घेतला, मग दोन्ही घोडे ट्रेलरमध्ये चढवले. ट्रेलरला येथे फ्लोट म्हणतात. सामानात तिने बादल्या ठेवल्या त्या तीन.

शंतनुराव म्हणाले, "जोन, घोडे दोनच आहेत."

ती म्हणाली, "तिसरी हुइयासाठी. माझी माणसं वर मुक्कामाला जातात तेव्हा मी नेहमी देते. आली खाली, तर तहानलेली असेल."

हुइया म्हणजे ती पळालेली घोडी. जोन गाडी चालवत होती, आणि मी मोडक्या इंग्रजीत विचारले, ती पळाली कशी. जोन म्हणाली, "तुमचे जावई सांगतात, रात्री दावं तोडून गेली. नदीच्या पूर्वेला त्यांना टापा ऐकू आल्या. आम्ही पूर्वेला दोन दिवस शोधलं." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "पण सुटलेला घोडा घरी येतो. ती आली नाही."

हे खरे आहे. शहाद्यातले पोरसुद्धा हे सांगेल. मी मागे वळून शंतनुरावांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मुक्कामाची जागा नदीकाठी, बीच नावाच्या झाडांच्या रानाला लागून होती. आम्हाला उतरवून जोन परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्यायला येणार होती. यार्डे तीन होती. आमच्याखेरीज कोणी नव्हते. दोन यार्डांत घोडे सोडले, बादल्या भरल्या. दवाखान्यात आमचा नियम होता: आधी मुक्या जनावराचे पाणी, मग आपले. तिसरी बादली उचलून मी नदीकडे निघालो.

"राहू द्या ना बाबा," शंतनुराव म्हणाले. "म्हातारीचं जरा... असतं तसं. रिकाम्या यार्डात पाणी कशाला?"

"तिने मागितले आहे. आपण तिचे घोडे वापरतो."

"तुम्ही पण ना! उद्या म्हणाल, नैवेद्य दाखवू."

बादली काठोकाठ भरून मी तिसऱ्या यार्डाच्या मधोमध ठेवली आणि फाटकाची कडी लावली.

फेब्रुवारीत येथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. साडेआठला डोंगरमाथ्यावर अजून ऊन होते, आणि खाली दरीतून धुके वर येत होते. त्याला ओल्या शेवाळाचा वास होता. त्यातच आणखी एक वास होता, तो मी ओळखला. पण एवढ्यात त्याचे नाव घ्यावेसे वाटले नाही. शंतनुराव स्टोव्हवर खिचडी ढवळत होते. मी संध्येला बसलो होतो. दत्तगुरूंचे नाव घेताना माझ्या लक्षात आले की दोन्ही घोडे चरायचे थांबले आहेत. दोघांनी कान टवकारले होते. दोघांची तोंडे तिसऱ्या यार्डाकडे होती.

मग तो आवाज आला.

मी उठलो. शंतनुरावांच्या हातातला डाव थांबला होता.

"नदी आहे, बाबा."

"नदी घोट घेत नाही, शंतनुराव."

यार्डात काही नव्हते. फाटकाची कडी लागलेली होती. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा बादलीतले पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली गेले. थोडे जाई, थांबे, पुन्हा जाई. पाण्यावर वलये उठत. उजेड एवढा होता की बादलीवरचे ओरखडे मला दिसत होते. मी दहापर्यंत मोजले आणि पुढे मोजणे सोडले. तहानलेले जनावर जसे पिते, तसे कोणीतरी घाईने, अधाशीपणे पीत होते. शेवटी रिकाम्या बादलीचा तळ खरवडल्याचा आवाज आला, आणि सारे शांत झाले.

मी कडी काढून आत गेलो. बादलीच्या तळाशी झाडाच्या सालीचे तुकडे होते. ओले, ताजे, दातांनी चावलेले.

बाळासाहेब, मोकळा घोडा गवत खातो. बांधलेला घोडा, ज्याच्यापर्यंत गवत पोहोचत नाही आणि पाणीही पोहोचत नाही, तो शेवटी ज्या झाडाला बांधलेला असतो त्याची साल कुरतडतो. असा एक घोडा मी नोकरीत पाहिला होता. त्याच्या तोंडाला जो वास येत होता, तोच त्या धुक्यात होता.

मी ती बादली शंतनुरावांसमोर ठेवली.

"ती सुटली नव्हती," मी म्हणालो. "बांधलेली होती."

खिचडी करपली.

"बाबा, वरचा ट्रॅक घोड्यांना क्लोज्ड होता," ते म्हणाले. "बोर्ड होता. मी म्हटलं, कोण बघतंय... वरती तिचा पाय मुरगळला. चालेना. मी तिला झाडाला बांधलं. वाटलं, सकाळी कुणालातरी घेऊन येऊ."

"मग?"

"मग... सिटिझनशिपचा अर्ज चालू होता. बंद ट्रॅक, जखमी जनावर, कुणी कम्प्लेंट केली असती, फाईलवर काहीतरी लागलं असतं. म्हटलं, उद्या सांगू. उद्या पाऊस आला, नदी चढली. परवा सांगायचं, तर आधी का नाही सांगितलं असं विचारणार. मग..."

"आणि पूर्वेच्या टापा?"

त्यांनी स्टोव्ह विझवला.

"ती कोणत्या बाजूला होती?"

"पश्चिमेला."

"शोधणारे दोन दिवस होते. ती तेव्हा जिवंत होती."

"बाबा, राजश्रीला सांगू नका. प्लीज."

"राजश्रीला मी सांगणार नाही. उद्या जोनला तुम्ही सांगाल. तुमच्या तोंडाने."

त्यांनी मान हलवली. मी त्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला.

सकाळी आम्ही पायी वर गेलो. वाट तासाभराची होती. ते झाड मला दुरूनच दिसले, कारण खाली बुंध्याची साल सगळीकडून गेली होती आणि लाकूड राखाडी पडले होते. सभोवतीची जमीन खुरांनी गोल उकरलेली होती. वर्षभरात तिच्यावर गवत आले नव्हते. दावे तुटलेले नव्हते. ते बुंध्याभोवती गुंडाळले गेले होते. घोडी झाडाभोवती एकाच दिशेने फिरत राहिली होती, देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या उलट, आणि प्रत्येक फेरीला दावे आखूड होत गेले होते. सात वेढे होते. सातव्या वेढ्याअखेर तिच्या तोंडाला बांधलेली म्होरकी बुंध्याला टेकली होती. खाली हाडे होती. झऱ्याचा आवाज तेथवर येत होता. पंधरा पावले असतील.

शंतनुराव वाटेवरच थांबले. मी वेढे एकेक करून सोडवले, माझ्या बाटलीतले पाणी हाडांवर घातले आणि जे म्हणायचे ते म्हटले. म्होरकी पिशवीत घालू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "ती इथंच राहू द्या ना."

"नाही," मी म्हणालो.

दुपारी जोन फ्लोट घेऊन आली. उतरल्या उतरल्या तिने घोड्यांकडे पाहिले नाही. तिने तिसऱ्या यार्डाकडे पाहिले आणि विचारले, "ती पाणी प्यायली का?"

तेवढे इंग्रजी मला कळत होते. शंतनुरावांना एक शब्द बोलायचा होता. तो शब्द आला असता तर पुढचे सारे आपोआप आले असते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. घोडे त्यांच्याकडे पाहत होते.

"नाही, जोन," ते म्हणाले. "बादली होती तशीच भरलेली होती. सकाळी मीच ओतून दिली."

म्हातारीने मान खाली घातली. म्होरकी माझ्या पिशवीत होती, आणि मी बोललो नाही. लेकीचा संसार माझ्या डोळ्यांपुढे आला. चार दिवसांनी मी एकटा बसने जोनकडे गेलो, म्होरकी तिच्या हातात दिली आणि जमेल त्या इंग्रजीत सर्व सांगितले. तिने म्होरकी छातीशी धरली आणि कोणालाही दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "हे त्याने सांगायला हवं होतं." त्या चार दिवसांचा हिशेब मला दत्तगुरूंपुढे द्यायचा आहे. पण दुसऱ्याच्या वतीने दिलेली कबुली त्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही, हेही मी पाहिले.

कारण पुढच्याच आठवड्यात शंतनुरावांची आगगाडी वेलिंग्टनच्या अलीकडे आली आणि ते मधल्याच एका स्टेशनवर उतरून परत आले. म्हणाले, "पुढं जाववेना. मान मागं ओढली गेली." पावसाळा संपेपर्यंत अप्पर हटचे स्टेशन गाठणे अशक्य झाले. मग कोपऱ्यावरचे दुकान गेले. मग रस्ता. मग फाटक. डॉक्टर म्हणाले, ही मोकळ्या जागेची भीती आहे. भीती असती तर ते घरात शिरले असते. गेल्या वर्षी घरही गेले. स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन ते थांबू लागले. तेव्हा राजश्रीला उमगले की या सगळ्याच्या मधोमध अंगणातले प्लमचे झाड आहे.

आता ते तेथेच, त्याच तंबूत राहतात. उठले की झाडाभोवती फिरतात, नेहमी एकाच दिशेने, उलट. दावे कोठेही दिसत नाही. अंगणाच्या नळापर्यंत हात पुरत नाही म्हणून आम्ही पाणी नेऊन देतो. ते तांब्यामागून तांब्या पितात आणि म्हणतात, घशाखाली एक थेंब उतरला नाही.

राजश्रीला मी सारे सांगितले. तिने त्यांच्या पाया पडून विनवले, एकदा खरे बोला. जोन स्वतः येऊन समोर उभी राहिली. त्यांनी तिला तेच सांगितले. काल तुम्ही विचारलेत, तेव्हा तुम्हालाही तेच सांगितले, "ती सुटली होती, पप्पा."

मागच्या दारी मी रोज जेवणाआधी बादली भरून ठेवतो. ती त्यांच्यासाठी नाही. दारापर्यंत ते येऊ शकत नाहीत. सकाळी ती रिकामी असते.

आज पहाटे, तुम्ही झोपला होतात तेव्हा, मी अंगणात गेलो. शंतनुराव झाडाला छाती टेकवून उभे होते. परवा त्यांच्यात आणि बुंध्यात हातभर अंतर होते. बुंध्याची साल त्यांच्या तोंडाच्या उंचीला सोललेली आहे, आणि त्यांचे कपाळ आता लाकडाला टेकले आहे. मी म्हणालो, "शंतनुराव, अजून बोला." त्यांनी माझ्याकडे पाहण्यासाठी मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही.