निनादच्या फोल्डरमधली कोळंबी

"चोर!" केतकी तांडेल इतक्या जोरात ओरडली, की समुद्राखालच्या त्या शाळेत वर्गच्या वर्ग चिडीचूप झाला.

तीन महिने तिने पाण्यात माइक सोडून कोळंबीचे आवाज टिपले होते. कडकड, तडतड, जणू तव्यावर लाह्याच फुटतायत. आज ते सगळे आवाज निनाद कुबलच्या फोल्डरमध्ये निघाले. तिचं स्वतःचं फोल्डर मात्र रिकामं! सावंत मुख्याध्यापिकांनी समुद्री आवाजांच्या स्पर्धेच्या यादीतलं तिचं नाव खोडून निनादचं घातलं. यादी बारा वाजता वर किनाऱ्यावर जाणार होती.

"मी हातसुद्धा लावला नाही गो!" निनाद म्हणाला.

"मग काय, कोळंबी पोहत आली तुझ्याकडे?"

पाय आपटत केतकी विश्राम आजोबांच्या खोलीत शिरली. शाळेचं नेटवर्क या म्हाताऱ्या शास्त्रज्ञानेच उभारलेलं.

"आजोबा, निनादचं फोल्डर पुसून टाका!"

"आणि त्यातली तुझी कोळंबी? बस आधी. तू फाइल जपतेस, ती राहते कुठे?"

"सर्व्हरवर." (सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा मोठा संगणक.)

"तिथे कुणाची फाइल कुठल्या फोल्डरात जायची, हे धोरण ठरवतं." (धोरण म्हणजे नेटवर्कने संगणकांना लावून दिलेला नियम.) "प्रत्येक खोलीला वेगळं धोरण."

"मग बघा ना ते!"

"मुलं दोनशे बारा. एकेक बघत बसलो तर परवा उजाडेल. स्क्रिप्ट लिहू." (स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञा.) "मुलाचं नाव घे. त्याच्या खोलीचं धोरण फाइली कुठे धाडतंय ते वाच. ते फोल्डर त्याचंच आहे का ते बघ. असेल तर हिरवं, नसेल तर लाल."

"आणि लाल दिसलं की लगेच दुरुस्त कर!"

"अं हं. तपासणी म्हणजे नुसतं बघणं. बघता बघता बदलत गेलो, तर चूक कुठे होती हेच पुसलं जाईल." आजोबा गुणगुणले,

"डोळ्यांनी बघावं, हाताला गाठ मारावी,
खरं कळल्यावर मग गाठ ती सोडावी."

स्क्रिप्ट चालू होताच पडद्यावर हिरव्या नावांची सर धावली. मध्येच पाच नावं लाल झाली, त्यात केतकीचंही. पाचही मुलं श्रवणकक्षात, म्हणजे पाण्यातले आवाज टिपायच्या खोलीत, काम करणारी, आणि पाचही वाटा एकाच फोल्डरकडे जाणाऱ्या. धोरणात 'जो बसेल त्याचं फोल्डर' असं हवं होतं, तिथे लिहिलं होतं, 'निनादचं फोल्डर'.

"म्हणजे पोस्टमनला सांगितलं," केतकी हळूच म्हणाली, "सगळी पत्रं कुबलांच्याच घरी टाक! कोणी सांगितलं?"

आजोबांची मान खाली गेली. "मी. धोरण चालतं का बघायला एका मुलाचं नाव घातलं होतं. काढायचं राहिलं."

"मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला!" केतकीच्या मागोमाग आलेला निनाद दारातून ओरडला. "परक्या फाइली येतायत म्हणून. तुम्ही हसण्यावारी नेलंत!"

केतकीचा राग भडकला तो आता आजोबांवर. थोडा स्वतःवरही.

"आत्ता बदलतो. मिनिटाचं काम," आजोबांचा हात कळफलकाकडे गेला.

"थांबा! माझं नाव सगळ्यांसमोर खोडलं. ही लाल यादी आधी सगळ्यांसमोर वाचायची, मग बदलायची."

"माझी चूकसुद्धा?"

"ती तर पहिली!"

बाराला दहा कमी असताना आजोबांनी वर्गात उभं राहून आधी आपली चूक वाचली, मग लाल यादी, आणि मगच धोरण बदललं. सावंतबाईंनी केतकीचं नाव परत लिहिलं आणि म्हणाल्या, "मीही न विचारता खोडलं. चुकलंच माझं."

केतकी निनादकडे वळली. "चोर म्हणाले, तेही चुकलं. राग अजून आहे माझा, पण तुझ्यावर नाही."

"बरं झालं. तुझा राग सोसायला बोटीएवढी छाती लागते!"

"आजोबा, यापुढे आम्ही दोघांनी तपासल्याशिवाय तुमचं एकही धोरण लागू व्हायचं नाही."

आजोबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या समुद्रात दुसरी शाळा उभी राहतेय. तिचं एकही धोरण अजून लिहिलेलं नाही. उद्या सातला या. उशीर केलात, तर मी चिडेन हां!"