पाचवा हात

कोणी हसलं तरी चालेल, पण हे खरंच घडलंय. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात, गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी. जिच्यासोबत घडलं ती डिंपल आजही कोणाच्या हातात हात देत नाही.

एमएस्सीची परीक्षा तोंडावर आली होती. ऑरगॅनोमेटॅलिकच्या, म्हणजे धातूला चिकटणाऱ्या रेणूंच्या, अभिक्रिया... जोडणं, सुटणं, मधे घुसणं, अदलाबदल... कोणाच्याच डोक्यात शिरत नव्हत्या. प्रयोगशाळेत रसायनं नव्हती.

पोरं मात्र होती.

मग लिलाधर सरांनी पोरांचीच अभिक्रिया लावली. डिंपल धातू. "धातूले डोळे नसतात," म्हणत सरांनी तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. रंजू आणि छोटूनं खांदे धरले, प्रविणनं डावा हात. हे झाले धातूला धरून बसणारे लिगँड. एक कमी पडला, तर कारध्याहून तिला न्यायला आलेल्या तिच्या भावालाच, मुरारीला, सरांनी बसवलं.

"मी तं मासे पकडतो, सर. मले कायले?"

"लिगँडले शिक्षण लागत नाही."

मुरारीनं उजवा हात धरला. जाळं ओढून ओढून त्याच्या तळव्याला घट्टे पडलेले. तो हात तिला कुठंही ओळखू आला असता.

सर फळ्याकडं वळून अदलाबदल सांगू लागले. नवा आधी येऊन धरतो. घडीभर पाच होतात. मग जुन्यातला एक जातो. जागा चारच.

पंखा बंद पडला.

डिंपलच्या उजव्या हातावर... आणखी एक हात आला.

गार. ओला. मऊ.

"सर, पाच झाले..."

"होणारच. समजलं म्हणजे तुले," फळ्याकडूनच सर खुशीत बोलले.

मग घट्ट्यांचा हात... सुटला.

ना पावलं वाजली, ना दार.

तिनं ओढणी काढली. चौघंही जागेवर. मुरारीही. हसत होता. त्याचा हात ओला होता... आणि मऊ.

घरी तिनं आईला, जिजाबाईला, रडत सांगितलं. आई म्हणाली, "तंबाखूचा खर्रा खाणं सुटलं, उलटून बोलत नाही. सुधरला पोरगा. तू काहून रडून राहिली?"

मग तिनं सरांना गाठलं. सर म्हणाले, उलटी अभिक्रिया होते. गेलेला परत येतो. फक्त कोणीतरी जागा सोडली पाहिजे.

दुसऱ्या दुपारी सगळे परत बसले.

पंखा थांबला... पाचवा हात आला.

घट्ट्यांचा.

तिनं तो आवळून धरला. बाकीच्यांना विनवलं, कोणीतरी सोडा. सोडेल तो जाईल, या धाकानं रंजूनं, छोटूनं, प्रविणनं पकड आणखीच घट्ट केली. चौथा तर सोडणारच नव्हता.

"डिंपे," मुरारी कानाशी म्हणाला, "कोणीच सोडून नाही राहिलं वं."

घट्टे तिच्या बोटांवरून घसरत गेले...

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. सगळ्यांना पूर्ण मार्क. सरांचा सत्कार झाला.

घरातला मुरारी रोज वैनगंगेवर जातो, जाळं ओढतो. त्याच्या तळव्यावर घट्टा काही उठत नाही.

आणि हात... अजून वाळलेला नाही.