त्र्याहत्तरच्या पुढे

यातलं काहीही मनाचं नाही. गिरीधरच्या वहीत तारीख, वेळ, एक्स्पोजर, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं आहे. निगेटिव्हही जपून ठेवल्या आहेत. हे खोटं ठरावं असं सगळ्यात जास्त त्यालाच वाटत होतं.

१० डिसेंबर १९९६. मंगळवार. कार्तिकातली अमावास्या.

बेंगळूरच्या पूर्वेला, महादेवपुराच्याही पुढे, तळ्याकाठी एक पेरूची बाग होती. तिथे शहराचा उजेड पोचत नसे.

गिरीधर तेव्हा बावीस वर्षांचा. नुकताच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला. वडील विश्वेश्वर, म्हणजे अप्पा, यांचा बेंगळूरच्याच शिवाजीनगरात फोटो स्टुडिओ. तिथलाच एक जुना कॅमेरा घेऊन गिरीधरला ताऱ्यांचे फोटो काढायचे होते. दुर्बीण परवडणारी नव्हती. मग त्याने दोन फळ्या, दाराची एक बिजागरी आणि एक लांब बोल्ट घेऊन एक यंत्र बनवलं. बिजागरी ध्रुवताऱ्याच्या रोखाने धरायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवायचा. कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकत राहतो. फोटोत तारे टोकदार येतात, जमिनीवरची झाडं मात्र फरफटल्यासारखी पुसट.

बोल्ट गिरीधर फिरवायचा. सेकंद मोजायची त्याची बहीण, रूपश्री.

रूपश्री सतरा वर्षांची. मोजण्यात घड्याळासारखी पक्की. फक्त तीसनंतर एक छोटा श्वास घ्यायची. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. साठ झाले की पुन्हा एकपासून सुरू.

आणखी एक रीत होती. ताऱ्यांचा रोल लॅबमध्ये दिला की काळी फिल्म पाहून ते लोक “काही आलं नाही” म्हणत, नाहीतर भलत्याच जागी कापत. म्हणून प्रत्येक रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी काढायचा. त्यावरून त्यांना कापायची खूण मिळे.

तो पहिला फोटो नेहमी रूपश्रीचा असे. गच्चीवर, वेताच्या खुर्चीत, हिरव्या स्वेटरमध्ये.

त्या दुपारीही तिने फोटो काढून घेतला.

“अण्णा, मृगातला तो गुलाबी ढग आज आणायचा हं,” ती म्हणाली. डोळ्यांना तो ढग राखाडी दिसतो, त्याचा गुलाबी रंग फक्त फिल्मवर उतरतो, हे गिरीधरनेच तिला सांगितलं होतं. “सोळाला माझं ऑपरेशन. त्याच्या आधी मला बघायचाय.”

“आणतो की.”

“मोजणार कोण? तुला तर वीसच्या पुढे झोप येते!”

डॉक्टरांनी तिला थंडीत जायला बंदी केली होती. गिरीधर एकटाच स्कूटरवर निघाला.

बागेत राखणदार यल्लाप्पा होता. त्याला फक्त कन्नड येई. तो झोपडीपाशी बिडी ओढत बसला.

आठ वाजले. पूर्वेला झाडांच्या वर मृग आला होता. गिरीधरने शटर उघडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोल्ट फिरवू लागला. आठ मिनिटं. वहीत नोंद केली: दुसरा फोटो. पहिला दुपारचा, रूपश्रीचा.

मग तिसरा सुरू केला.

रातकिडे थांबले.

तळ्यावरची बेडकंही...

आणि मागून, अगदी हळू, ऐकू आलं...

“अकरा... बारा... तेरा...”

रूपश्रीचा आवाज.

गिरीधरने मान वळवली नाही. सवय झालीय, मनच मोजतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. पंधरा ऐकल्यावर त्याच्या हाताने आपोआप पाव फेरा फिरवला. तीस झाले...

छोटा श्वास.

एकतीस.

खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. अंधारात सोबत होती. पूर्ण आठ मिनिटं तो त्या आवाजावर बोल्ट फिरवत राहिला. घड्याळ त्याने एकदाही पाहिलं नाही.

चौथा फोटो. शटर उघडलं. आवाज पुन्हा एकपासून.

तेवढ्यात झोपडीकडून यल्लाप्पाने हाक मारली.

“तंगी बंदिद्दाळा?”

बहीण आलीय का तुमची?

म्हणजे यल्लाप्पालाही ऐकू येत होतं.

अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ...

आता एक यायला हवा होता.

“एकसष्ट,” आवाज म्हणाला.

अगदी कानाजवळ.

“बासष्ट... त्रेसष्ट...”

आवाज घाई करत नव्हता. थांबतही नव्हता. सत्तर... एकाहत्तर... गिरीधरचा धीर सुटला. त्याने शटर बंद केलं.

“त्र्याहत्तर,” एवढंच आलं.

मग काहीच नाही.

घरी पोचेपर्यंत त्याने स्कूटर कशी चालवली ते त्याला आठवत नाही. दार शारदाबाईंनी उघडलं.

“आई, रूपा?”

“झोपलीय. ओरडू नको. मघाशी झोपेत आकडे बडबडत होती बघ. मग एकदम गप्प झाली.”

रूपश्री पांघरुणात होती. श्वास चालू होता. गिरीधर तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि हसला. सुटल्यासारखा.

तिने डोळे उघडले.

“अण्णा... मधेच का बंद केलंस? मी मोजत होते ना...”

तिसऱ्या दिवशी अप्पांनी लॅबमधून फोटो आणले. जेवणाआधी त्यांनी गिरीधरला स्टुडिओच्या मागच्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

“हा पहिला फोटो तूच काढलास ना?”

गच्ची होती. वेताची खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या फोटोत तारे आणि पुसट झाडं.

तिसऱ्यात मृगाच्या मधोमध तिळाएवढा गुलाबी ठिपका. आणि खाली, फरफटलेल्या झाडांपुढे, कोणीतरी पाठमोरं उभं. हिरवा स्वेटर.

आठ मिनिटांच्या फोटोत हलणारं माणूस उमटत नाही. स्थिर उभं असलेलं झाडांसारखंच पुसट येतं. ही आकृती ताऱ्यांइतकी टोकदार होती. गिरीधरने हिशेब दोनदा करून पाहिला. तसं उमटायला तिला जमीन सोडून आकाशाबरोबर सरकावं लागलं असतं.

चौथ्यात ती कॅमेऱ्याकडे वळली होती. अप्पांनी भिंग धरलं.

तोंड उघडं होतं. आकडा उच्चारताना असतं तसं.

“आईला यातलं काही कळता कामा नये,” अप्पा म्हणाले. त्यांनी कटरवर तिसरा फोटो आडवा कापला आणि वरचा भाग गिरीधरच्या हातात दिला.

रूपश्रीने तो उजेडात धरला. “आला रे गुलाबी!” तिचे डोळे चमकले. मग कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

“खालचं का कापलंत? खाली मी होते ना?”

ऑपरेशन चांगलं झालं. ती हिंडूफिरू लागली, गिरीधरला चिडवू लागली. डॉक्टरांनी शंभर पावलं चालायला सांगितलं होतं, तर ती प्रत्येक वेळी त्र्याहत्तरला थांबे.

“पुढचा आकडा काय रे, अण्णा?”

“चौऱ्याहत्तर.”

ती तोंड उघडायची. आवाज यायचा नाही. गिरीधर नजर वळवायचा, कारण ते तोंड त्याने भिंगाखाली पाहिलं होतं.

वहीच्या मागच्या पानावर त्याने दिवस मोजायला सुरुवात केली. १० डिसेंबरनंतरचा त्र्याहत्तरावा दिवस २१ फेब्रुवारीला येत होता. चार वेळा तो बागेत जाऊन आला. शटर उघडून तासन्‌तास बसला. राहिलेला आकडा आला तर सगळं सुटेल, असं त्याला वाटत होतं.

रातकिडे एकदाही थांबले नाहीत.

चौथ्या वेळी यल्लाप्पा जवळ येऊन बसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, “उगाच बसलायस, बाळा. ती येऊन गेली.”

२१ फेब्रुवारी. शुक्रवार. सकाळपासून गिरीधरने तिला नजरेआड होऊ दिलं नाही. संध्याकाळी ती गच्चीवर वेताच्या खुर्चीत बसली होती, हातात कॉफी.

“आज पाळत ठेवलीयस की काय? जा ना, रोल आण.”

“नको. हात दे इकडे.”

तो शेजारी खाली बसून तिची नाडी मोजू लागला. ठोके नीट पडत होते. सत्तर... एकाहत्तर... बाहत्तर... त्र्याहत्तर...

बोटाखाली पुढचा ठोका आला नाही.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही. नवी झडप ठीक होती.

आता त्या बागेच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि आकाश रात्रभर नारिंगी असतं. गिरीधर पन्नाशीचा आहे. फिल्म मिळेल तेव्हा आजही एखादा रोल भरतो. रीत मोडत नाही, पहिला फोटो त्या रिकाम्या खुर्चीचाच काढतो.

तिच्या खुर्चीचे दोन फोटो त्याच्या पाकिटात आहेत. एक ती बसलेली असताना काढलेला, एक ती गेल्यावरचा.

दोन्हींत खुर्ची रिकामी आहे, आणि मागे काही लिहिलेलं नाही. कोणता कुठला, ते त्यालाही सांगता येत नाही.