पांढरनांग्यांचा डोह

धबधब्याच्या माथ्यावरच्या डोहातून पांढरनांग्यांच्या काही जिवंत जोड्या आणायच्या आणि प्रयोगशाळेच्या टाक्यांत त्यांचा वंश राखायचा, एवढ्यासाठी ताई निघाली होती. खालच्या नदीत ही झिंग्यांची जात औषधालाही उरली नव्हती. कुणीतरी हौसेने पाळलेले परदेशी क्रेफिश, म्हणजे मोठ्या नांग्यांचे झिंगे, पाण्यात सोडले आणि बघता बघता त्या लाल नांग्यांनी नदी गिळली. माशांची अंडी, गोगलगायी, पाणवेली... काही म्हणता काही सोडलं नाही. त्यात त्यांच्या अंगावरून पसरणारी बुरशी! त्यांना स्वतःला तिचं सोयरसुतक नाही. पांढरनांग्यांचा मात्र ती काळ.

सोबत तिचा धाकटा भाऊ होता. कातळाला चिकटून चढायचा, म्हणून सगळे त्याला घोरपड म्हणत. आणि नावेवर नावाडी काका.

"हल्ली जाळं टाकलं की नुसत्या नांग्या येतात," वल्हं मारत काका म्हणाले. "आपण त्यांना धरतोय की ते आपल्याला, तेच कळत नाही."

घळीत शिरल्यावर मात्र त्यांनी वल्ह्याचा वेग कमी केला. दोन्ही काठांची चाळण झाली होती आणि भोकाभोकांतून लांब मिशा हलत होत्या. ना बेडकाचा आवाज, ना पाखराचा. वाकलेली झाडं पाण्यावर अशी झुकली होती, जणू त्यांच्या पायाखालची जमीन कुणी काढून घेत होतं.

"काका, काठापासून लांब घ्या!" ताई ओरडली.

धडाम! पोखरलेला काठ झाडासकट कोसळला. नाव उलटली! ताई तळाशी गेली. तिने हात टेकला... तळच हलला! बोटात नांगी रुतली. तिने पाय झाडले, वर आली, पुन्हा बुडाली. कातळावर चढलेल्या भावाने फेकलेला दोर डोक्यावरून सपकन आला. तिने तो धरला!

"मला पोहता येतं!" उलट्या नावेवर घोड्यावर बसावं तसे बसलेले काका ओरडत होते. "आधी तिला ओढ!"

नाव सरळ करायला काका मागे राहिले. बहीणभाऊ कातळ चढू लागले. धबधब्याच्या तुषारांनी प्रत्येक खाच निसरडी झाली होती. एकदा ताईचा पाय सटकला. भावाने दोर मनगटाला गुंडाळून तिला तोलून धरलं. हातापायांना गोळे आले तेव्हा कुठे ते डोहाच्या काठावरच्या कातळावर पोचले.

पाणी आरशासारखं. तळाच्या गोट्यांमधून फिकट नांग्या संथ फिरत होत्या. एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस होता.

"ताई, जिंकलो!" भावाने पाय पुढे टाकला.

"थांब!" तिने त्याची कॉलर धरून मागे खेचलं. पाठीवरची पिशवी उतरवून तिने उघडली. कोरडे बूट, जाळी, हातमोजे, सगळं कोसळलेल्या झाडाच्या फांदीने पाडलेल्या भोकातून पाणी शिरून भिजलं होतं. "आपला धागा न् धागा खालच्या पाण्याने भिजलाय, त्यात ती बुरशी असणारच. एक थेंब पडला तरी यांचा निकाल लागेल."

"वाळवू की."

"या तुषारांत?"

"मग एवढं मरत मरत आलो ते नुसतं बघायला?"

"हो," ती म्हणाली. तिने पिशवी पुन्हा पाठीला लावली.

ती माघारी वळली आणि जागीच थिजली. धबधब्याशेजारच्या ओल्या कपारीतून एक लाल नांगी वर येत होती. तिच्यामागे दुसरी. खाली आणखी!

"दगड दे!"

दोघं दोराला लोंबकळली. नांग्या उपटून उपटून खाली भिरकावल्या. बोटं रक्ताळली. कपारीत पाणी जिथून झिरपत होतं, तिथे दगडावर दगड ठोकून बसवले. शेवटचा दगड बसला आणि धार कातळापासून बाहेर, पोकळीत पडू लागली. ऊन कपारीत शिरलं. पाणी तुटलेल्या कातळावर क्रेफिश अडखळले, घसरले, मागे फिरले.

"किती दिवस टिकेल गं हे?"

"पुढच्या पुरापर्यंत. त्याआधी कोरडे कपडे घेऊन परत यायचं."

खाली काका नाव सरळ करून वाट बघत होते. त्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मिळाले का गं?"

"आहेत," ताई म्हणाली आणि नावेत बसली.