हेमलाच्या नावाचा उतारा

आजाऱ्यावरून भाकरी-दहीभात ओवाळून तिन्हीसांजेला तिवाट्यावर ठेवतात, त्याला उतारा म्हणतात. दुखणे त्या अन्नात उतरते आणि जो ते उचलील त्याच्याकडे जाते, अशी समजूत. १९७४च्या उन्हाळ्यात, इतरांनी टाकलेल्यावर जगणाऱ्यांविषयी माहितीपट करण्याचे मी ठरवले, तेव्हा रिठदची सोजरबाई मला प्रथम आठवली. एकट्या म्हातारीने उतारे खाऊनच दुष्काळ काढला होता.

कॅमेरा वाशीमच्या कैलासचंदांचा. त्यांना ऊन हवे होते. उतारा तर संध्याकाळी पडतो. म्हणून भर दुपारी रिसोडच्या वाटेवरील तिवाट्यावर मीच पत्रावळ मांडली. उताऱ्यात असते ते अंडे मात्र जैन कैलासचंदांनी तीत ठेवू दिले नाही.

सोजरबाई येऊन उकिडवी बसली, पण हात लावीना.

"कोनावरून उतरवला, मास्तर?"

"त्याचं काय? तुम्ही खा."

"वा! पाहुना कोन हाय ते न इचारता घरात घेऊ काय?"

"साहेब, रीळ जातंय," कैलासचंद पुटपुटले.

"माझ्या मुलीवरून," मी म्हणालो. "हेमलावरून. ताप आहे तिला."

हेमला घरी ठणठणीत होती.

"ये वं हेमला," म्हातारी पानाला म्हणाली आणि तिने घास घेतला.

"जरा सावकाश खा," मी सांगितले. तिची भूक मला नीट दिसायला हवी होती.

कॅमेऱ्याची घरघर थांबली, तेव्हा जाणवले की कावळेही गप्प आहेत. आंबलेल्या दह्याचा वास उन्हात साचून राहिला होता. सोजरबाईचा घास गालातच थबकला.

"मास्तर… याच्यात ताप नाई."

मग तिने तो गिळला.

त्या दुपारपासून हेमला अन्नाला शिवेना. हाकेला वळेना. डॉक्टरांना नवल याचे की ती वाळतही नव्हती. आजाऱ्यावरून आजार उतरतो, हे लोकसमजुतीचे तर्कशास्त्र मी वर्गात शिकवीत असे. निरोग्यावरून काय उतरेल, हा प्रश्न मी कधी मांडलाच नव्हता.

शेवटी तिला घेऊन मी रिठदला गेलो. सोजरबाई झोपडीच्या दाराशी उभी होती.

"काहून खोटं बोलले? मी दुखनं खातो मास्तर. लेकरू नाई खात."

"तिला परत…"

"कसं देऊ? माह्याजवळ टाकेल वस्तू येते. वापस मांगाले कोनी आलं नाई आजलोक." तिचा आवाज खाली गेला. "हाक मारून पाहा…"

"हेमला," मी म्हणालो.

शेजारी उभी हेमला जमिनीकडेच पाहत राहिली. सोजरबाईचे ओठ मिटलेले होते. बंद दाराआडून उत्तर आले…

"ओ, बाबा."

"भुकेजली असंन," सोजरबाई म्हणाली. पदराआडून तिने कुणाच्या तरी उताऱ्यातली, तिवाट्यावरची भाकर काढली आणि ती आत गेली. दार लागले. आतले बोलणे मला ऐकू आले नाही.

माझे बोट धरून उभ्या हेमलाचे रिकामे तोंड हळूहळू चावू लागले.